खाडा

आमच्या बडोद्यात दारू मिळत नाही,
असं कायदा म्हणतो.
मला ती एकवीस वर्षं मिळाली.
कधी स्कूटरच्या डिकीतून,
कधी दुधाच्या पिशव्यांखालून,
शेवटी शेवटी तर उधारीवर.

आता दुधाच्या पिशवीत दूधच असतं.
फ्रिजशेजारी डेअरीचं कॅलेंडर,
त्यावर वृंदा खाडे मांडते.
गावी गेलो, खाडा.
भैया आला नाही, खाडा.
त्याच चौकोनात, खालच्या कोपऱ्यात,
मी पेन्सिलीने माझा मांडतो.
दुधाचा हिशोब महिन्याला मिटतो,
माझा रोज रात्री साडेनऊला,
आणि सकाळी पुन्हा तीच भाववाढ.

सवयी म्हणजे फार काही नाही.
सहा पंचवीसला उठायचं.
तांब्याभर पाणी, बसून,
कारण बसलं की हात स्वतःला दिसतात.
मग दांडिया बाजारातून चालत काळा घोडा,
तिथून पूल.
पुलावर कीर्तिकांतभाई उभे असतात,
बारा वर्षांचे कोरडे, गळ्यात मफलर, उन्हाळ्यातही.
ते तब्येत विचारत नाहीत.
काल संध्याकाळी सहाला काय केलंस, एवढंच.
चपला शिवून आणल्या.
अने परवा?
ऋजुताच्या सायकलची चेन बसवली.
सरस, म्हणतात, आणि चालू लागतात.

खाली विश्वामित्री. चिखलाच्या उतारावर मगर.
पहिल्या आठवड्यात मी म्हणालो, मेलेली दिसते.
मेली नाही, ते म्हणाले, ऊन खातेय.
त्यानंतर तिच्याबद्दल आम्ही बोललो नाही.
बघतो मात्र रोज.

एकशे सहाव्या दिवशी
मेहुण्याच्या मुलाच्या लग्नात,
पार्टी प्लॉटच्या मागे, गाड्यांच्या रांगेत,
कुणीतरी थर्मास पुढे केला.
चहा समजून घेतला, असं सांगता आलं असतं.
पण झाकण फिरायच्या आधीच
मला वास कळला होता,
आणि वासाच्या आधी
थर्मास धरणाऱ्याची नजर.

दुसऱ्या दिवशीचा चौकोन मी रिकामा ठेवला.
वृंदाने काही म्हटलं नाही.
दूध अर्धा लिटर जास्त, एवढं लिहिलं,
आणि तीनदा चहा केला, तिन्ही वेळा
कप माझ्यासमोर जरा जोरात ठेवला.

पुलावर जायला चार दिवस लागले.
भाषण तयार होतं, आईची शपथही होती त्यात.
कीर्तिकांतभाईंनी मफलर सारखा केला.
आजे सहाला शूं?
मला उत्तर आलं नाही.
मग विचार कर, ते म्हणाले,
सहाला अजून अकरा तास आहेत.

भाद्रपदात नदी शहरात आली.
समाच्या एका सोसायटीत
लिफ्टच्या दाराशी मगर निघाली.
लोक गच्चीवरून व्हिडिओ काढत होते.
वनखात्याची दोन पोरं आली,
ओलं गोणपाट तिच्या डोळ्यांवर टाकलं,
ती निवली, मग तोंडाला दोरी,
आणि चौघांनी उचलून परत नदीत.
नदीतच. दुसरीकडे कुठे नेणार?

चपला, चेन, कुंड्यांची माती,
गॅसच्या शेगडीची भोकं टाचणीने मोकळी करणं.
माझं गोणपाट असंच जोडजोडून शिवलेलं.
दुपारपर्यंत सुकतं.
परत भिजवावं लागतं.

आता सहा वाजून दहा.
उत्साह आज कामावर आलेला नाही,
त्याचाही खाडा मांडावा म्हणतो.
मकरपुऱ्याच्या बाजूने कारखान्यांच्या बसेस परततायत,
त्यांतली कुठली कुठे थांबते, मला अजून पाठ आहे.
ऋजुता शाळेचा स्कर्ट घेऊन येते,
हुक तुटलाय, आई क्लासला, सुई ही घ्या.
पहिल्यांदा दोरा हुकतो.
दुसऱ्यांदाही.
ती बघत नसल्याचं नाटक करते.
मी टोक जिभेवर ओलं करतो
आणि खिडकीतल्या उजेडाकडे
सुई वर धरतो.